डोळ्यातली चिप: कुणाच्या कामाची, कुणाच्या नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचे थोरले भाऊ ४६ वर्षांचे. यंत्रमागावर कामाला होते. लहानपणापासून रातांधळेपण, तिशीत बाजूचं दिसेनासं झालं, आता डोळ्यांसमोर हात हलवला तर कळतं पण बोटं मोजता येत नाहीत. डॉक्टरांनी ‘आरपी’ म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा सांगितला आणि उपाय नाही म्हणाले. आता नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आलीय की डोळ्यात चिप बसवून अंध माणसं पुस्तक वाचायला लागली. कुंभारीकडचा प्लॉट विकून हे ऑपरेशन करावं का, कुठे होतं, खर्च किती, असं त्यांनी विचारलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की आईलाही (वय ७४) हल्ली माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनसुद्धा.

ताई, डोळ्याच्या पडद्याची ऑपरेशनं करणारा डॉक्टर म्हणून सांगतो, प्लॉट विकू नका. हे वाक्य दादांनाही वाचून दाखवा. असल्या बातम्यांनी घरात जी घालमेल होते तिचा सगळ्यात जास्त त्रास पेशंटलाच होतो. माझ्यापायी घरचे जमीन विकायला निघालेत, हे ओझं त्याच्या डोक्यावर बसतं. आईंबद्दलची ओळ मात्र तुम्ही सगळ्यात वर लिहायला हवी होती. तिच्याकडे येतोच. त्याआधी ही चिप नेमकं काय करते ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसरी बातमी आली तर ती आपल्या कामाची आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

डोळ्यात शिरलेला उजेड मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडतो. हा पडदा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, पण त्यात पेशींचे थर असतात आणि प्रत्येक थराचं काम ठरलेलं असतं. सगळ्यात मागच्या थरात उजेड टिपणाऱ्या पेशी, रॉड आणि कोन. रॉड अंधुक उजेडातलं आणि कडेचं बघतात. कोन रंग आणि बारकावे बघतात, आणि त्यांची दाटी पडद्याच्या बरोबर मध्यभागी, मॅक्युलामध्ये असते. या पेशी उजेडाचा विजेचा इशारा बनवतात. तो इशारा मधल्या थरातल्या बायपोलर पेशी घेतात, त्या पुढच्या गँग्लियन पेशींना देतात, आणि गँग्लियन पेशींचे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. ती मेंदूकडे जाते.

आरपीमध्ये आधी रॉड मरतात. म्हणून दादा लहानपणी दिवेलागणीला ठेचकाळत असतील, गड्ड्याच्या जत्रेत कुणाचा तरी हात धरून चालत असतील, आणि घरचे ‘बघून चाल की’ म्हणून ओरडत असतील. मग हळूहळू कोनही जातात. वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज, म्हणजे एएमडी, हा बरोबर उलट आजार: मधलं जातं, कडेचं राहतं. दोन्हींत साम्य एकच, आणि चिपचा सगळा खेळ त्यावरच उभा आहे. मरतो तो मुख्यतः मागचा थर. मधल्या आणि पुढच्या थरातल्या पुष्कळ पेशी आणि नस त्यानंतरही बरीच वर्षं जिवंत राहतात. मग मागच्या थराचं काम एखाद्या यंत्राने केलं आणि इशारा थेट मधल्या किंवा पुढच्या थराला दिला तर? सगळ्या रेटिना चिप या एका ‘तर’वर चालतात.

त्यामुळे अशी कुठलीही बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारायचा: आपल्या माणसाचा कुठला थर गेलाय? काचबिंदूने अंध झालेल्याची नस गेलेली असते. पडद्यात कितीही भारी चिप बसवा, पुढे निरोप न्यायला रस्ताच नाही. जुना सरकलेला आणि आक्रसलेला पडदा, मधुमेहाने पार खराब झालेला पडदा, डोक्याला मार लागून तुटलेली नस, यांतही तेच. जन्मापासून ज्याला काहीच दिसलं नाही त्याच्या मेंदूला बघण्याची सवयच लागलेली नसते, त्यामुळे तोही यात बसत नाही. (‘डोळाच बदलून टाका’ असं दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. नेत्रदानातून बसवतात तो डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला अख्खा डोळा एका माणसाला बसवला गेला. डोळा जगला, रक्तपुरवठा सुरू राहिला, दिसत मात्र काहीच नाही. कापलेली नस जोडता येत नाही, तिथेच गाडी अडते.)

आता चिपची गोष्ट. सगळ्यात साधी कल्पना अशी की मेलेल्या पेशींच्या जागी सौर पॅनेलसारखे इवलेसे तुकडे ठेवायचे. उजेड पडला की ते वीज बनवतील आणि शेजारच्या पेशींना चालना देतील. वायर नको, बॅटरी नको. २००० साली शिकागोमध्ये अ‍ॅलन चाऊ यांनी नेमकं हेच केलं: २ मिलिमीटर व्यासाची चकती, तिच्यावर सुमारे ५,००० प्रकाशसंवेदी ठिपके, पडद्याच्या खाली. चालली नाही. थोडीफार सुधारणा दिसली ती ऑपरेशनमुळे पेशींना मिळालेल्या चालनेची असावी, चिपच्या विजेची नव्हे, असंच मत शेवटी पडलं. कारण विजेचं गणित जमत नव्हतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बारा वाजता सात रस्ता चौकात उभं राहिल्यावर डोळे दिपतात, पण तेवढ्या उन्हातलाही जो उजेड पडद्यापर्यंत पोहोचतो तो पेशीला चेतवायला लागणाऱ्या उजेडाच्या सुमारे हजारपट कमी असतो. जिवंत रॉड पेशी एखाद्या प्रकाशकणालाही दाद देते, कारण तिच्या आत इशारा वाढवत नेणारी रासायनिक साखळी असते. सिलिकॉनच्या तुकड्याला ती नाही.

मग विजेची सोय बाहेरून करायची. इथून वाटा फुटल्या.

अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीच्या ‘आर्गस २’ने उजेडाचा नादच सोडला. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर, तिथून बिनतारी निरोप डोळ्याला, आणि पडद्याच्या पुढच्या बाजूला विजेची चालना देणारी ६० बारीक टोकं, म्हणजे इलेक्ट्रोड. युरोपात २०११ला आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ला परवानगी मिळाली. हे यंत्र आरपीसाठीच होतं. लोकांना दार, खिडकी, पांढऱ्या टेबलावरची काळी वस्तू, समोरून कुणी गेलं हे कळायचं. पण पुढच्या बाजूने चालना दिली की इलेक्ट्रोडखालून जाणारे लांबचे तंतूही चेतवले जातात, त्यामुळे ठिपक्याऐवजी लांबट रेघा दिसायच्या. आणि कॅमेरा कपाळाशी असल्यामुळे नजर फिरवून उपयोग नव्हता, मान फिरवावी लागायची.

जर्मनीत ट्युबिंगेनच्या एबरहार्ट झ्रेनर यांच्या गटाने पडद्याखालची वाट धरली. ३ बाय ३ मिलिमीटरची चिप, तिच्यावर १,५०० प्रकाशसंवेदी ठिपके, प्रत्येकाजवळ इशारा वाढवणारं सर्किट, आणि त्याला वीज पुरवायला कातडीखालून कानामागे नेलेली केबल. कॅमेरा डोळ्याच्या आतच, त्यामुळे बुबुळ फिरलं की दृश्य फिरायचं, आपल्यासारखंच. मला स्वतःला ही रचना सगळ्यात देखणी वाटायची. २०१३ला युरोपात परवानगी मिळाली, नंतर १,६०० ठिपक्यांची सुधारित आवृत्ती आली, आणि २०१९ला कंपनीने गाशा गुंडाळला. बहुतेक पेशंटना मिळणारा फायदा एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या मानाने तुटपुंजा होता.

तुमच्या ग्रुपवरची बातमी तिसऱ्या वाटेची आहे, नाव ‘प्रिमा’. स्टॅनफर्डचे डॅनियल पालँकर यांची कल्पना, पॅरिसच्या पिक्सियम व्हिजनने ती वाढवली, ती कंपनी बुडाल्यावर २०२४मध्ये अमेरिकेतल्या सायन्स कॉर्पोरेशनने विकत घेतली. चिप २ बाय २ मिलिमीटर, जाडी ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्मीही नाही. तिच्यावर ३७८ ठिपके. केबल नाही. चष्म्यातला कॅमेरा समोरचं चित्र घेतो, खिशातला प्रोसेसर ते सोपं करतो, मोठं करतो, आणि चष्म्यातूनच ते इन्फ्रारेड किरणांनी डोळ्यात फेकलं जातं. ऊन पुरत नव्हतं ना, मग उन्हापेक्षा कितीतरी तीव्र उजेड थेट चिपवर पाडायचा. त्यानेच वीजही मिळते आणि चित्रही. इन्फ्रारेड अशासाठी की पेशंटच्या शिल्लक राहिलेल्या चांगल्या पेशींना तो दिसत नाही. नाहीतर एवढ्या झगझगाटात उरलेली नजरही दिपून गेली असती.

दादा मागावर होते म्हणून ३७८ ठिपके म्हणजे काय ते त्यांना लगेच सांगता येईल. चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात. आता त्यांना सांगा, उभ्या-आडव्या वीस-वीस चौकटीच मिळतील, रंग एकच, त्यात मोर काढा. मोर आहे एवढं कळेल, पिसारा विसरायचा. आणि हा सगळा कागद नजरेच्या जेमतेम सात अंशांत मावलेला, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीहूनही लहान खिडकी. तरी वाचता येतं, कारण कॅमेरा अक्षर हवं तेवढं मोठं करून देतो. एका वेळी एक अक्षर, फार तर दोन-चार, मग पुढचं. चेहरा ओळखणं, रहदारीत रस्ता ओलांडणं, रंग बघणं यातलं काही यात नाही.

तरीही ऑक्टोबर २०२५मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, हे कबूल करायला हरकत नाही. युरोपातल्या ५ देशांतली १७ केंद्रं, ३८ पेशंट, सरासरी वय ७९च्या आसपास. वर्षभराने तपासायला ३२ जण होते. त्यातल्या २६ जणांना तक्त्यावरची किमान १० अक्षरं आधीपेक्षा जास्त वाचता आली. सरासरी सुधारणा २५ अक्षरांची, म्हणजे तक्त्याच्या पाच ओळी. पडद्याच्या मेलेल्या मध्यभागातून पुन्हा आकार दिसणं, ही आमच्या धंद्यात कालपर्यंत न घडलेली गोष्ट आहे. पण बातमीत काही गोष्टी हमखास गाळल्या जातात. ही सुधारणा चष्मा लावून झूम वापरून मोजलेली आहे. चष्मा काढला की चिप मुकी. ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने सराव करावा लागतो, बसून, घामटा काढून. आणि ३८ पैकी १९ जणांना मिळून २६ गंभीर त्रास झाले: डोळ्याचा दाब वाढला, मॅक्युलाला छिद्र पडलं, पडद्याखाली रक्त आलं. बहुतेक दोन महिन्यांत आटोक्यात आले, पण झाले.

ते ऑपरेशन मी रोज करतो त्यातलंच पुढचं पाऊल आहे म्हणून सांगतो. आधी डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढायचा, मग पडद्याखाली बारीक सुईने पाणी सोडून तो फोडासारखा उचलायचा, त्याला छेद द्यायचा, आणि केसाहून पातळ चकती त्या छेदातून सरकवत नेऊन बरोबर मेलेल्या भागाखाली ठेवायची. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर शेजारच्या चांगल्या पडद्याखाली जाणार. मग पडदा परत बसवायचा. चांगला हात असलेल्या सर्जनलाही घाम फुटेल असं काम आहे.

आता दादांचं बघा. हा अभ्यास झाला तो ६० वर्षांवरच्या, कोरड्या एएमडीने मध्यभाग मेलेल्या लोकांवर. आरपीवर नाही. आरपीसाठी वर सांगितलेली दोन यंत्रं, आर्गस आणि जर्मन चिप, ही दोन्ही आज बनतच नाहीत. तत्त्वाने बघितलं तर पडद्याखालची चिप आरपीलाही लागू पडावी, पण आरपीत एक भानगड असते: मागचा थर मरून बरीच वर्षं झाली की मधल्या पेशी आपसात भलतीसलती जोडणी करून बसतात. कुणाच्या डोळ्यात ती किती झालीय हे प्रत्येकाचं वेगळं.

शिवाय दादांना अजून हात हलताना दिसतो. ही नजर तुम्हाला कवडीमोल वाटत असेल. मला तसं वाटत नाही. तपासणीत आम्ही खोली अंधारी करतो, पेशंटचा एक डोळा तळहाताने घट्ट झाकायला सांगतो आणि टॉर्च चारी बाजूंनी फिरवत विचारतो, ‘उजेड कुठनं येतोय?’ आरपीचा माणूस बराच वेळ गप्प असतो. मग टॉर्च कानाच्या बाजूला नेला की एकदम ‘हां, आला, इकडनं’ म्हणतो. कडेला पडद्याचं एक बेट जिवंत असतं. त्या बेटाच्या जोरावर तो घरात बिनचूक हिंडतो, खिडकी कुठंय, दारात कोण उभंय ते ओळखतो. आर्गसच्या परवानगीतसुद्धा अट होती की फक्त उजेड कळणाऱ्या किंवा तोही न कळणाऱ्यालाच ते बसवायचं. कारण उघड आहे: ज्याच्याकडे काही उरलंय त्याच्या डोळ्यात एवढी उलथापालथ केली तर उरलेलंही जाऊ शकतं. म्हणजे आर्गस आज मिळत असतं तरी दादांना मी ‘थांबा’ म्हटलं असतं.

पैशाबद्दल विचारलंय म्हणून आर्गसची पुढची कथा ऐका. यंत्राची किंमत सुमारे दीड लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ८०-९० लाख रुपये. ऑपरेशन आणि सराव वेगळा. जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२०मध्ये बहुतेक कर्मचारी घरी पाठवले, २०२२मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं ते तिथेच राहिले. प्रोसेसर बिघडला तर दुरुस्तीला कुणी नाही, सुटा भाग नाही. काहींच्या डोळ्यात ते बंद पडून नुसतंच बसलंय. मोतीबिंदूचं भिंग एकदा बसवलं की बनवणारी कंपनी राहिली काय नि गेली काय, भिंग आपलं काम करत राहतं. चिपचं तसं नाही. तिच्यामागे चष्मा, सॉफ्टवेअर, बॅटरी आणि फोन उचलणारा माणूस लागतो. त्यामुळे उद्या आपल्याकडे एखादी चिप आलीच तर किमतीच्या आधी हे विचारा: दहा वर्षांनी बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

आज प्रिमा आपल्याकडे नेहमीच्या उपचारात नाही. सोलापुरात नाही, पुण्या-मुंबईतही पैसे भरून घेता येईल अशी ती गोष्ट नाही. कुणी ‘आमच्याकडे होतं, आधी ॲडव्हान्स भरा’ म्हणालं तर उठून बाहेर या. आरपीच्या घरांना गाठणारे लोक असतात. स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणून लाखभर, दोन-दोन लाख घेतलेले पेशंट माझ्याकडे नंतर रडत आलेले आहेत. सरकारी नियम असा आहे की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. भारतातल्या प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक मागितल्यावर समोरचा चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दादांसाठी चिपपेक्षा दुसऱ्या दोन वाटांवर माझं लक्ष आहे. एक जनुकीय उपचार: ‘लक्सटर्ना’ला अमेरिकेत डिसेंबर २०१७ला मान्यता मिळाली, पण तो आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषावर चालतो, पेशी जिवंत असतील तरच चालतो आणि दोन डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर घेतो. दुसरी ऑप्टोजेनेटिक्स: यात चिप नाहीच, शिल्लक गँग्लियन पेशींमध्ये उजेड ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक सोडतात, म्हणजे पेशीच उजेड टिपायला शिकतात. २०२१मध्ये पॅरिसच्या गटाने आरपी झालेल्या ५८ वर्षांच्या एका माणसाबद्दल लिहिलं. खास गॉगल लावून त्याला टेबलावरची वही, पेला शोधता आला. कुठला जनुक बिघडलाय याने ऑप्टोजेनेटिक्समध्ये फरक पडत नाही, हा आरपीच्या दृष्टीने तिचा मोठा गुण. पण हेही अजून प्रयोगच. दादांनी जनुकीय तपासणी जमेल तेव्हा करून ठेवावी, म्हणजे पुढे काही आलं तर यादीत नाव बसतं की नाही ते कळेल. रक्ताचा नमुना इथून पाठवता येतो.

या घडीला करण्यासारखं जे आहे त्याची बातमी होत नाही, म्हणून ते राहून जातं. आरपीत तुलनेने लवकर मोतीबिंदू होतो, भिंगाच्या मागच्या बाजूला. तो काढल्यावर काही जणांची उरलेली नजर चांगली स्वच्छ होते. मॅक्युलाला सूज येते, ती ओसीटीत (पडद्याच्या थरांचं चित्र काढणाऱ्या तपासणीत) दिसते आणि थेंबांनी किंवा गोळ्यांनी कमी होऊ शकते. ‘उपाय नाही’ हे ऐकून ज्यांनी पाच-दहा वर्षांत डोळा दाखवलेलाच नाही त्यांची ही सूज आणि मोतीबिंदू तसेच राहतात. दादांना ऐकायला कमी येतं का तेही सांगा, आरपीच्या एका प्रकारात कानही जातात. जीवनसत्त्व ‘अ’च्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, जास्त झालं तर लिव्हरला बाधतं.

त्यांच्या मुलांचे आणि सगळ्या भावंडांचे, म्हणजे ताई तुमचेही, डोळे पडद्याच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. आणि हे जरा नाजूक आहे, पण लिहितो. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्याच घरांत मामाची मुलगी करायची पद्धत आहे, काही घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. आरपीच्या बऱ्याच प्रकारांत दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. घरात आरपी असताना पुढच्या पिढीची सोयरीक नात्यात करू नका. यात कुणाच्या कुळाला डाग लागत नाही. वधू-वरांच्या घरच्यांना मी स्वतः समजावलेलं आहे.

सर्टिफिकेट काढलंय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल (म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसत नसेल) किंवा नजरेचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, यापैकी एक असलं तरी माणूस अंध धरला जातो. दादांचं दोन्हींत बसेल. पण भावंडांत किंवा मुलांत कुणाला आरपी निघाला आणि अक्षरं मात्र ६/९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नीट, वाचता येत असली तर ‘यांना दिसतंय की’ म्हणून परत पाठवलं जातं, म्हणून फील्डचा, म्हणजे नजरेच्या क्षेत्राचा, रिपोर्ट सोबत न्यायचा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सिव्हिलला. पांढरी काठी घ्यायला दादा लाजत असतील. सगळेच लाजतात, विशेषतः ओळखीच्या गल्लीत. आधी ओळख नसलेल्या भागात सराव करायला लावा. फोनवर टॉकबॅक सुरू करून द्या, मराठी वाचून दाखवतो. ४६ म्हणजे अजून कमवायचं वय आहे.

आता आई. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालेलं, तरी समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, वय ७४. हे मॅक्युलाचं असू शकतं, आणि बातमीतली चिप या घरात कुणाच्या आजाराशी जुळत असेल तर ती आईंच्या, दादांच्या नाही. पण आईंच्या बाबतीत चिपचा विचार करायची वेळच येऊ नये, यासाठी हे घाईने लिहितोय. एएमडी दोन तऱ्हांची असते. कोरडी वर्षानुवर्षं सावकाश वाढते. ओलीत पडद्याखाली नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत मध्यभाग कायमचा बाद करतात. ओलीवर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, सोलापुरात मिळतात, बेव्हॅसिझुमॅब तर त्यातल्या त्यात स्वस्त आहे. लवकर सुरू केली तर नजर वाचते. व्रण पडल्यावर इंजेक्शन देऊन काही हाती लागत नाही.

आज घरीच एक करा. आईंना त्यांचा जवळचा चष्मा लावून बसवा, एक डोळा झाकायला सांगा आणि चौकड्यांचा टॉवेल किंवा बाथरूमच्या टाइल्स दाखवा. एका रेघेच्या मध्यावर नजर ठेवायला सांगा. रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसतात का? मधल्या चौकटी गायब होतात का? मग दुसरा डोळा. वाकडं दिसतंय म्हणाल्या तर याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या, ओसीटी करून घ्या, आणि गर्दी असली तरी ‘रेघा वाकड्या दिसतायत’ हे शब्द काउंटरवरच सांगा, नंबर पुढे घेतात. सरळ दिसतंय म्हणाल्या तरी पंधरा दिवसांत न्याच. मधुमेह नाही असं गृहीत धरू नका, साखर तपासून रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद सापडला तर तोही. दादांनाही त्याच रिक्षात घ्या, दोघांचीही तपासणी एकाच फेरीत होईल. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, त्यामुळे परत येताना तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी सोबत असू द्या.